घरच्या घरी कार्टूनचा एक भाग: म्हातारा नंदीबैल आणि परत एक डाव

गेल्या वर्षी आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत गणपतीत दाखवायला सात मिनिटांचं कार्टून केलं, मी, माझी भाची आणि बिल्डिंगमधली पाच-सहा पोरं मिळून, आणि तेव्हापासून निदान दहा जणांनी विचारलंय की कसं केलंस, सॉफ्टवेअर कुठलं, खर्च किती आला. सॉफ्टवेअरचं सांगते पुढे, पण खरं सांगायचं तर ते सगळ्यात सोपं निघालं, आम्ही अडलो ते गोष्टीवर. त्यामुळे या लेखात गोष्टच जास्त आहे. ज्यांना ऍनिमेशनमधलं ओ का ठो कळत नाही त्यांच्यासाठी लिहितेय. मलाही कळत नव्हतं, मी दिवसभर बाणेरला ऑफिसात एक्सेल शीट भरते.

विषय आमचा असा होता: एकेकाळी गाजलेला, आता कुणी विचारत नाही असा एक कलाकार आणि त्याला मिळालेली दुसरी संधी. मुलांच्या कार्टूनमध्ये हा विषय फिरून फिरून येतोच, आणि बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसतो, शेवटच्या मिनिटाला सगळे टाळ्या वाजवतात, म्हातारा कलाकार डोळे पुसतो, संपलं. का टाळ्या वाजवल्या ते मुलांना कळत नाही, मोठ्यांनाच कळतं.

स्टेप १: कलाकार कोण ते ठरवा, आणि शक्यतो त्याला चालायला लावू नका

आमच्या यादीत सर्कशीतला विदूषक होता, ऑर्केस्ट्रातला मिमिक्रीवाला होता, लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला होता आणि जादूगार होता. जादूगार पोरांनीच बाद केला, कारण सगळ्या जादू यूट्यूबवर उघड करून दाखवलेल्या असतात म्हणे. बँडवाल्याला बोटं काढावी लागतात, वाजवणारी बोटं काढणं म्हणजे नवख्या माणसाने स्वतःहून आजारी पडणं. मग भाची म्हणाली नंदीबैल घेऊ. गुबूगुबू वाजवत यायचा, प्रश्न विचारला की मान डोलवायचा, झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरमाळ, काढायला मजा. आणि मराठीत नंदीबैल म्हटलं की अर्थ आपोआप येतोच, सगळ्याला मान डोलावणारा. आम्ही त्याचं नाव ठेवलं होयबा.

आता चूक सांगते म्हणजे तुमची होणार नाही. मी पहिले तीन आठवडे त्याला चालवण्यात घालवले. चार पायांचं चालणं हे नवख्याचं काम नाही, कुठला पाय कधी उचलला जातो तेच जमेना, आमचा बैल कधी टेबलासारखा सरकायचा तर कधी नाचायचा. शेवटी वैतागून त्याला बसवला. पार्किंगमध्ये, टँकर उभा राहतो त्याच्या बाजूला, पत्र्याखाली, पाय पोटाशी घेऊन. आणि बसवल्या बसवल्या लक्षात आलं की अरे, हाच तर तो उतरणीला लागलेला कलाकार, तो उठतच नाही! मग अख्ख्या भागात तो एकदाच उठतो, शेवटी, आणि ती एकच अवघड हालचाल आम्ही निवांत महिनाभर काढली. तुम्हाला जे काढता येत नाही ते गोष्टीत अडवून ठेवा आणि एकदाच सोडा.

स्टेप २: त्याने काय चुकवलं ते एका वाक्यात लिहा

दुसरी संधी म्हणजे पहिली वाया गेली असली पाहिजे ना. "जमाना बदलला, मोबाइल आले, लोक येईनासे झाले" हे कारण मोठ्यांना पटतं पण त्यात कलाकाराची काही चूकच नाही, मग त्याला माफ कशाबद्दल करायचं? आमचं पहिलं ड्राफ्ट असंच होतं, पहिलीतला एक मुलगा म्हणाला, "मग तो रुसून का बसलाय?" बरोबर होतं त्याचं.

मग आम्ही लिहिलं: चिऊ नावाच्या चार वर्षांच्या मुलीने विचारलं, माझी बर्फी मांजर परत येईल का, आणि टाळ्या मिळतात म्हणून होयबाने मान डोलावली. बर्फी आली नाही. चिऊ गॅलरीत दुधाची वाटी ठेवून वाट बघत बसली. झालं, एवढीच चूक, पण लहान मुलाला ती केवढी मोठी वाटते ते सांगायला नको. चोरी, मारामारी, बैलाला चाबूक मारणारा मालक असलं काही आणू नका. मालकाचं तर मुद्दाम सांगते, नंदीबैल घेऊन गावोगाव फिरणारी माणसं खरीखुरी आहेत, आजही कधीतरी सकाळी आपल्या गल्लीत येतात, त्यांना व्हिलन करून स्वस्तात रडवायचं नाही. आमचे शंकरबाबा बैलाशेजारी बसून बिडीऐवजी बडीशेप खातात, एवढंच.

स्टेप ३: लिंबूटिंबू टेस्ट

ही स्टेप माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे, बाकीचं तुम्हाला कुठेही मिळेल.

खेळात धाकट्या भावंडाला घ्यावंच लागतं, मग त्याला लिंबूटिंबू करतात. तो पळतो, ओरडतो, पण आउट होत नाही, कुणी त्याला राज्य देत नाही. काही जण कच्चं लिंबू म्हणतात. आणि लिंबूटिंबूला आपण लिंबूटिंबू आहोत हे कळलं की तो कसा भोकाड पसरतो ते आठवा. आता तुमची गोष्ट घ्या आणि विचारा, माझ्या कलाकाराला लोकांनी संधी दिली की लिंबूटिंबू केलं? तो परत आउट होऊ शकतो का? होऊ शकत नसेल तर ती संधी नाही, ते लाड आहेत.

आम्ही हे सरळ गोष्टीतच घातलं. पार्किंगमधली पोरं होयबाला कीव येऊन सोपे सोपे प्रश्न विचारतात, दोन नि दोन चार का, आज रविवार का, आणि तो मान डोलावतो, पोरं खोट्या खोट्या टाळ्या वाजवतात. तिसऱ्या टाळीला तो डोळे मिटून घेतो. याला डायलॉग नाहीये. पण दाखवताना सगळ्यात जास्त शांतता इथेच झाली, कारण समोर बसलेल्यांत निम्मे कुणाचे ना कुणाचे लिंबूटिंबू होते.

आणि संधी मिळाली म्हणजे जमलंच पाहिजे असं नाही, हेही मनात असू द्या. बालगंधर्वांचं बघा ना, नाटक कंपनी अडचणीत, बोलपट आलेले, अशा वेळी ते प्रभातच्या 'धर्मात्मा'त आले, १९३५ साली, संत एकनाथांच्या भूमिकेत, म्हणजे जन्मभर स्त्रीभूमिकांनी गाजलेला माणूस पुरुषाच्या वेशात कॅमेऱ्यासमोर. आणि नंतर परत रंगभूमीकडेच गेले. लॉ कॉलेज रोडवर आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे ती प्रभातचीच जागा, तिथून जाताना मला नेहमी वाटतं की पहिल्या दिवशी मेकअप रूममध्ये त्यांच्या मनात काय आलं असेल. मुलांच्या कार्टूनमध्ये एवढं खोल जायचं नसतं हे मान्य, पण लिहिणाऱ्याच्या डोक्यात असलं की गोष्ट पांचट होत नाही.

स्टेप ४: मिनिटं वाटून घ्या

टीव्हीवरचे भाग बरेचदा अकरा मिनिटांचे असतात, दोन जोडून एक अर्ध्या तासाचा स्लॉट भरतात, उरलेल्यात जाहिराती. तुम्ही अकराच्या नादी लागू नका, पाच ते सात खूप झाली. हिशोब करा: सेकंदाला २४ फ्रेम (पडद्यावर एकामागून एक झळकणाऱ्या चौकटी), प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवलं तर सेकंदाला १२ चित्रं, सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद, म्हणजे ५,०४० चित्रं. घाम फुटला ना? सगळी काढायची नसतातच, खाली सांगते, पण आकडा माहीत असला की माणूस उगाच लांबण लावत नाही.

आमची वाटणी साधारण अशी. पहिलं मिनिट वैभवाचं, पेठांतल्या गल्ल्या, गर्दी, आणि हे सगळं जुन्या फोटोंसारखं स्थिर चित्रांत, कॅमेरा फक्त सरकतो, एकदम स्वस्त. मग चाळीस सेकंद चिऊ आणि वाटी. मग आजचं पार्किंग, धूळ बसलेली झूल, पोरांना तो पुतळाच वाटतो. मग ते लिंबूटिंबूचं दीड मिनिट. मग चिऊ येते, आता दहा वर्षांची, ती त्याला ओळखते, काही विचारत नाही, नुसती ती वाटी त्याच्यासमोर ठेवते. आता बैलाने माफी कशी मागायची? तो बोलत नाही, आणि बोलायला लावायचं नाही असं आम्ही पहिल्या दिवशी ठरवलेलं. यावर दोन रविवार गेले. मग एका मुलाने करून दाखवलं: मान खाली नेली, आणि वर आणलीच नाही. मान डोलावणं म्हणजे खाली आणि वर, ही फक्त खाली. बास, तिथे आम्ही सहा सेकंद काहीच हलवलं नाही, फक्त एक गोंडा.

शेवटी सोसायटीचा कार्यक्रम, चिऊच्या धाकट्या भावाला स्टेजवर भाषण म्हणायचंय आणि त्याची तंतरलीये, तो सगळ्यांसमोर होयबाला विचारतो. इथे एक बारीक गंमत झाली. स्क्रिप्टमध्ये प्रश्न होता "मी विसरणार नाही ना?", आणि वाचनाच्या वेळी पोरांत भांडणं लागली की आता मान डोलावली तर विसरणार की नाही विसरणार! मराठीत नकारार्थी प्रश्नाला हो म्हटलं की गोंधळच. म्हणून बदललं, "मला सगळं आठवेल का?" सगळे मान डोलायची वाट बघतात. होयबा डोलावत नाही. मागून एक काका ओरडतात, "नंदी बिघडला!" आणि मग तो उठतो, आयुष्यात पहिल्यांदा उत्तर न देता, आणि पोराच्या बाजूने चार पावलं चालत स्टेजपर्यंत जातो. भाषणात पोरगं एक ओळ विसरतंच. टाळ्या आहेत, पण कमी, आणि त्या पोराला आहेत.

स्टेप ५: डायलॉग लिहा, मग निम्मे खोडा

पोरं बोलतात तसं लिहा, छापील नको. "मित्रांनो, चला आपण त्यास मदत करूया" असं कुठलंही मूल बोलत नाही, ते म्हणतं "ए चल ना, बघू". लिहिलेलं मोठ्याने वाचून घ्या, आणि वाचताना पोराने एखादा शब्द स्वतःहून बदलला की त्याचाच ठेवा. कार्टूनमधला मोठा माणूस उपदेश करायला लागला की त्याला फोन आणून द्या, आमचे काका तसेच गप्प केलेत.

स्टेप ६: आधी आवाज, मग चित्रं

हे उलटं करायचं नाही, तोंडाची हालचाल आवाजावर बसवावी लागते. माइक नसला तरी चालतो, आम्ही फोनवरच रेकॉर्ड केलं, कपड्यांच्या कपाटात तोंड घालून आणि पाठीवर गोधडी घेऊन. घुमणारा आवाज नंतर कशानेच जात नाही, त्यामुळे मोकळी खोली टाळा. शेजारी कुकर लागायच्या आत उरका. प्रत्येक वाक्य तीनदा घ्या, तिसरं बहुतेक बरं येतं, चौथ्याला पोर कंटाळतं. कापाकापीला ऑडॅसिटी, फुकट आहे.

गुबूगुबूचा आवाज मात्र कुठे नीट मिळेना. खऱ्या वाद्यात वाकडी काठी कातड्यावर घासतात त्यातून तो निघतो. आम्ही स्टीलच्या डब्यावर फुगा कापून ताणून बांधला आणि ओलं बोट दाबत घासलं, पहिल्यांदा डबा नुसता किंचाळला, मग बोटाला किंचित साबण लावला आणि आलं की गुबू! घुंगरं तुळशीबागेतली. डब्यासकट आवाजाचा एकूण खर्च दोनशेच्या आत.

स्टेप ७: चिठ्ठ्या भिंतीला लावा

एका चिठ्ठीवर एक शॉट, काडीच्या माणसांची चित्रं चालतात. मग सगळ्यांचे फोटो काढून आवाजाखाली ओळीने लावा, याला ऍनिमॅटिक म्हणतात. ते कच्चं प्रकरण पाच-सहा पोरांना दाखवा, आणि तुम्ही स्क्रीनकडे नाही, पोरांकडे बघा. कुठे चुळबूळ होते, कुठे कुणी सू-सूला जातं, ते सेकंदासकट लिहून ठेवा. आमचं वैभवाचं मिनिट आधी दोन मिनिटांचं होतं, तिथे तिघं उठली. कापलं. मला ती चित्रं फार आवडायची, वाईट वाटलं, पण कापलं.

स्टेप ८: चित्रं

क्रिता, ब्लेंडर, ओपनटून्झ, ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट. हाताने फ्रेम-फ्रेम काढायचं असेल तर क्रिता सोपं पडतं, हातपाय वेगवेगळे कापून हलवायचे असतील तर ओपनटून्झ किंवा ब्लेंडर, पण ब्लेंडर पहिल्यांदा उघडलं की विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटतं, पहिला आठवडा नुसतं कुठलं बटण काय करतं ते बघण्यातच जातो. टॅब्लेट नसेल तर फोनवर फ्लिपाक्लिपनेही सुरुवात होते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर क्रिता लटकायचं, म्हणून प्रत्येक शॉटची वेगळी फाइल केली आणि साइज १९२० बाय १०८० च्या वर नेली नाही.

चित्रं वाचवायची कशी? जे हलत नाही ते परत काढू नका. अंग एका लेयरवर (एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा), डोकं दुसऱ्या, डोळे तिसऱ्या. ही युक्ती जुनी आहे, हॅना-बार्बेरा या अमेरिकन कार्टून कंपनीच्या योगी बेअर नावाच्या अस्वलाच्या गळ्यात कॉलर-टाय असायची ती याचसाठी, डोकं हललं तरी सांधा झाकला जायचा. आमच्या होयबाची घुंगरमाळ तेच काम करते.

बोलणाऱ्या पात्रांना तोंडाचे पाच-सहा आकार पुरतात. प, फ, ब, भ, म ला ओठ मिटलेले हवेतच, बाकी आ, ई, ओ-उ आणि अर्धवट उघडं एवढ्यावर निभावतं. ओठ मिटायचे राहिले तर बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

आता मान डोलावणं, कारण तीच तर त्याची कला. मी आधी डोकं नुसतं वर-खाली केलं तर शिलाई मशीन वाटायला लागलं. मग भाचीने आरशात स्वतः करून बघितलं. मान खाली जायच्या आधी किंचित वर जाते. मग सुरुवातीला हळू, मधे पटकन, खाली पोचताना परत हळू. डोकं थांबलं तरी गोंडे दोन-तीन चित्रं पुढे जाऊन मग परत येतात, आणि कान सगळ्यात शेवटी. एवढं केलं की सहा-सात चित्रांत बैल जिवंत होतो. तरुणपणी गोंडे लांब झुलवले, म्हातारपणी तेच गोंडे लगेच थांबवले, कुणाच्या लक्षात आलं नसेल पण मला माहितीये. झूल, वाद्यं, जुने दिवे असल्या गोष्टी काढायच्या असतील तर शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात वही घेऊन अर्धा दिवस काढा, गूगलवरची चित्रं सगळी एकसारखी दिसतात.

स्टेप ९: गाणं

नंदीबैल म्हटलं की भोलानाथाचं ते गाणं सगळ्यांच्या तोंडात येणार, आमच्याही आलं. घेऊ नका. ते पाडगांवकरांचं आहे, ते गेले २०१५ च्या डिसेंबरात, आणि आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. जुनंच हवं असेल तर अण्णासाहेब किर्लोस्करांची नाट्यपदं कॉपीराइटमधून कधीच मोकळी झालीयेत, ते १८८५ ला गेले. 'शाकुंतल'चा पहिला प्रयोगही १८८० साली आपल्या पुण्यातच झालेला, तेवढाच अभिमान. पण पद मोकळं असलं तरी कुणा गायकाचं रेकॉर्डिंग मोकळं असतं असं नाही, त्याची मुदत वेगळी, म्हणून स्वतः गा किंवा आजीला गायला लावा. आम्ही शेवटी गाणंच घातलं नाही, गुबूगुबूच वाढवलं.

स्टेप १०: दाखवणं आणि टाकणं

यूट्यूबवर टाकणार असाल तर "मुलांसाठी बनवलेलं आहे" हा पर्याय निवडावाच लागतो, २०२० पासून. मग कमेंट बंद होतात आणि बघणाऱ्यावर नेम धरून दिलेल्या जाहिरातीही. ज्या पोरांचे आवाज घेतलेत त्यांच्या आईबाबांची परवानगी आधी घ्या, आणि श्रेयनामावलीत फक्त पहिलं नाव टाका, शाळा-सोसायटी नको.

सोसायटीत दाखवताना भाड्याचा प्रोजेक्टर आदल्या दिवशीच लावून बघा. आमच्याकडे आयत्या वेळी आवाज फक्त लॅपटॉपमधूनच येत होता, पाच मिनिटं सगळे अंधारात, आणि माइकवर एक आजोबा मोदकांच्या कूपनबद्दल सूचना देत होते.

झाल्यावर पोरांना "आवडलं का?" विचारू नका, सगळी माना डोलावतात. त्यापेक्षा "बैलाने काय चूक केली होती?" असं विचारा, मग कळतं गोष्ट पोचली की नाही. आमच्याकडे बहुतेकांनी बरोबर सांगितलं. फक्त तळमजल्यावरची एक पाच वर्षांची मुलगी पुढे आली, माझा कुर्ता ओढला आणि म्हणाली, "पण मग बर्फी गेली कुठे?" ते आम्ही कुणी लिहिलंच नव्हतं.